गोठ्यातल्या दगडीचे जंतू : जनुकीय टायपिंग कधी करावे, कसे करावे, त्यावरून काय ठरवावे

मुळशीकर (धागाकर्ता)

दौंड, इंदापूर, शिरूर, मंचर या पट्ट्यात चाळीस-पन्नास संकरित गायींचे मुक्त गोठे आता जागोजागी आहेत. दगडी (कासेची सूज, मॅस्टायटिस) वाढली की दुधाचे कल्चर (जंतू वाढवून ओळखणे) आणि सेन्सिटिव्हिटी करून घ्यायची सवयही बऱ्यापैकी लागली आहे. अहवालात ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ असे येते, त्याखाली कोणते औषध चालेल ते येते आणि विषय तिथेच संपतो. खरा प्रश्न तसाच राहतो : हा जंतू धारेच्या वेळी एका गाईकडून दुसरीकडे जातोय, की प्रत्येक गाईला तो वेगवेगळ्या ठिकाणाहून लागलाय? पहिले खरे असेल तर मशीन, हात आणि धारेचा क्रम बघायचा. दुसरे असेल तर बसायची जागा, माशा, कालवडी आणि विकत आणलेली जनावरे. जंतूचे नाव दोन्हीकडे एकच, म्हणून स्ट्रेनपर्यंत, म्हणजे त्याच नावाच्या जंतूच्या नेमक्या वाणापर्यंत, जावे लागते; हेच टायपिंग.

चर्चेसाठी एक गोठा समजू. ४८ दुभत्या गायी, चार क्लस्टरचे (सडांना लावायच्या कपांचे संच) मशीन, बल्क (सगळ्या गायींच्या एकत्र) दुधातल्या सोमॅटिक सेल (मुख्यतः पांढऱ्या पेशी) मिलीला सतत चार लाखांच्या वर, सीएमटीत (गोठ्यातच होणारी दगडीची झटपट चाचणी) १४ गायी पॉझिटिव्ह. कोणते नमुने, कोणती पद्धत, आणि निकाल आल्यावर गोठ्यात नेमके काय बदलायचे? जाणकारांनी पायरी-पायरीने लिहावे, पुढच्या माणसाला उपयोग होईल.

पेट्रीडिश

टायपिंगचे निम्मे यश गोठ्यातच ठरते, म्हणून नमुन्यापासून सुरुवात करतो.

बल्क टाकीतले दूध यासाठी घेऊ नका. त्यात सडाच्या कातडीवरचे, पाइपातले आणि सगळ्या गायींचे जंतू मिसळलेले असतात. सीएमटीने दुखरा सड शोधा आणि त्याच सडाचा वेगळा नमुना घ्या, तोही मशीन लावण्याआधी. सड धुतले असतील तर पूर्ण कोरडे करा. ओल्या कासेवरून ओघळलेला एक थेंब नळीत पडला तरी नमुना वाया गेला. पहिल्या तीन-चार धारा बाहेर सोडा. मग ७० टक्के अल्कोहोलचा बोळा सडाच्या टोकावर फिरवा, बोळ्यावर मळ दिसेनासा होईपर्यंत. पुसताना आधी पलीकडचे सड, मग अलीकडचे. नमुना घेताना उलट : आधी अलीकडचे, मग पलीकडचे. म्हणजे पुसून झालेल्या सडाला मनगट घासत नाही. नळी तिरकी धरा, उभी धरली की वरून केस आणि शेणाचे कण पडतात. झाकण हातातच धरा, आतली बाजू खाली करून. ५ ते १० मिली दूध पुरे.

नळी लगेच बर्फात. ४ अंशांवर ठेवून २४ तासांत प्लेटवर गेले पाहिजे. जमणार नसेल तर उणे २० ला गोठवा. ऑरियसच्या बाबतीत गोठवल्याने नुकसान होत नाही. पांढऱ्या पेशींच्या आत लपलेले जंतू पेशी फुटून मोकळे होतात आणि कधी कधी जास्तच उगवतात. ई. कोलायसाठी मात्र गोठवलेला नमुना नको, त्याची संख्या घटते.

प्लेटवर नेहमीच्या १० मायक्रोलिटरऐवजी १०० मायक्रोलिटर पसरा. ऑरियसची जुनी गाय कधी भरपूर जंतू टाकते, कधी जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे एका नमुन्यात न सापडलेली गाय निगेटिव्ह धरू नका, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा घ्या. रक्त अगारवर तीन किंवा जास्त प्रकारच्या कॉलनी दिसल्या तर नमुना दूषित समजून टाकून द्या. त्यातून ‘बरी दिसणारी’ कॉलनी उचलायचा मोह होतो, आणि पुढचे सगळे टायपिंग त्या एका चुकीवर उभे राहते.

ऑरियसची ओळख पक्की करा : कॅटालेज, सशाच्या प्लाझ्मातली नळीतली कोअॅग्युलेज चाचणी ४ तासांनी आणि २४ तासांनी (काही स्ट्रेन आपणच केलेली गुठळी नंतर विरघळवतात, म्हणून ४ तासांचे वाचन चुकवायचे नाही) आणि शेवटी ‘एनयूसी’ जनुकाची पीसीआर, जिची पट्टी २७९ जोड्यांना (जोडी म्हणजे डीएनएचे एक अक्षर, बेस-पेअर) येते. मग एकच कॉलनी उचलून पुन्हा स्ट्रीक करा, शुद्ध झाली की २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला दोन नळ्या ठेवा. एक कामाची, एक हात न लावायची.

नीराकाठ

चारही सडांचा एकत्र नमुना घेतला तर नळ्या एक चतुर्थांश होतात. टायपिंगसाठी तो का चालणार नाही?

पेट्रीडिश

@नीराकाठ, नुसते ‘गाय पॉझिटिव्ह का’ बघायला चालतो. टायपिंगला दोन अडचणी येतात. एका दुखऱ्या सडातले जंतू तीन निरोगी सडांच्या दुधात पातळ होतात आणि सुटून जातात. शिवाय एकाच गाईच्या दोन सडांत दोन वेगळे स्ट्रेन असले तर आपल्याला त्यातला एकच कळतो. सीएमटी आधी केलीच आहे, तेव्हा फक्त तिसऱ्या-चौथ्या दर्जाचे सड घ्या, नळ्या आपोआप कमी होतील.

आणखी एक. १४ गायींतून प्रत्येकी एक आयसोलेट (वेगळा काढून शुद्ध केलेला जंतू) घ्याच, पण त्यातल्या दोन-तीन सडांतून चार-पाच कॉलनी वेगवेगळ्या उचला. एका सडात मिश्र संसर्ग आहे का ते त्यानेच कळते. दुधाबरोबर आजूबाजूचेही घ्या : लायनरच्या (मशीनच्या कपातली रबरी नळी) आतून, धार काढणाऱ्यांच्या हातांवरून, पहिल्यांदा गाभण असलेल्या कालवडींच्या सडाच्या कातडीवरून स्वॅब. हे स्वॅब थेट प्लेटवर फार काही देत नाहीत. ६.५ टक्के मिठाच्या ब्रॉथमध्ये रात्रभर वाढवून मग बेअर्ड-पार्करवर (ऑरियस निवडून वाढवणारे माध्यम) लावा. माणसांच्या नाकातले स्वॅब घ्यायचे तर त्यांची संमती घेऊनच, आणि निकाल मालकाला नावासकट सांगायचा नाही हे आधी ठरवून.

प्लाझ्मिड

आता पद्धती. माझे मत आधीच सांगतो : प्रश्न लिहून काढा, मग पद्धत निवडा. ‘या गोठ्यात एकच स्ट्रेन फिरतोय का’ हा प्रश्न असेल तर स्पा टायपिंगने बहुतेक वेळा काम भागते.

डीएनएपासून. ऑरियसची भिंत नुसत्या लायसोझाइमने फुटत नाही. साध्या किटमधले लायसोझाइम वापरून ‘डीएनए निघाला नाही’ अशी तक्रार नेहमीची आहे. लायसोस्टॅफिन घाला, साधारण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांना ३० मिनिटे; भिंतीतले ग्लायसीनचे पूल तेच तोडते. त्यानंतर प्रोटिनेज के आणि नेहमीचा कॉलम. २६०/२८० गुणोत्तर (डीएनए किती शुद्ध ते सांगणारे) १.८ ते २.० च्या दरम्यान हवे. नुसत्या पीसीआरला उकळून घेतलेला डीएनए चालतो, सिक्वेन्सिंगला नाही.

स्पा टायपिंगमध्ये प्रोटीन एच्या जनुकातला ‘एक्स’ भाग वाढवतात. त्यात २४ जोड्यांचे तुकडे एकामागे एक असतात. तुकडे किती आणि कोणत्या क्रमाने यावरून ‘टी’ क्रमांक मिळतो. ९५ अंश ५ मिनिटे. मग ९५, ६०, ७२ अंशांची ३० ते ३५ चक्रे, शेवटी ७२ ला १० मिनिटे. पट्टीची लांबी स्ट्रेनप्रमाणे बदलते, म्हणून दोन नमुन्यांच्या पट्ट्या वेगळ्या उंचीला दिसल्या तर घाबरू नका. सँगर (तुकड्याची अक्षरे वाचण्याची पद्धत) दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूने केले की टोकाचा तुकडा अर्धवट वाचला जातो आणि नसलेला नवा प्रकार ‘सापडतो’. क्रोमॅटोग्राममध्ये (त्या वाचनाच्या आलेखात) दुहेरी शिखरे दिसली तर कल्चर मिश्र आहे, परत शुद्ध करा.

गायींत वारंवार दिसणारे काही प्रकार ओळखीचे व्हावेत म्हणून : टी२६७, टी३५९, टी५२१ हे बहुधा सीसी९७ या वंशातले, टी५२९ हा सीसी१५१ मधला. काही स्ट्रेनमध्ये प्राइमर (पीसीआर सुरू करणारा छोटा तुकडा) बसतो तो जनुकाचा भागच गळालेला असतो, तिथे पट्टी येत नाही. एनयूसी पॉझिटिव्ह आणि स्पा रिकामे असा निकाल म्हणजे तुमची पीसीआर बिघडली असेच नसते. प्रत्येक बॅचमध्ये ओळखीचा स्ट्रेन चालवा. एनसीटीसी ८३२५ घेतला तर उत्तर टी२११, एसटी८ (एसटी म्हणजे खाली येणाऱ्या एमएलएसटीचा क्रमांक) आले पाहिजे. ते आले नाही तर बाकीचे निकाल बघूच नका.

एमएलएसटीत सात जनुकांचे साधारण चारशे ते पाचशे जोड्यांचे तुकडे वाचतात : आर्कसी, एआरओई, जीएलपीएफ, जीएमके, पीटीए, टीपीआय, वायक्यूआयएल. दोन्ही बाजूंनी म्हणजे एका आयसोलेटला १४ सिक्वेन्स. जगातल्या कुठल्याही आकड्याशी तुलना होते हे त्याचे बळ. पण ही पेशीचे रोजचे काम चालवणारी जनुके फार हळू बदलतात, त्यामुळे एकाच गोठ्यातला बारीक फरक त्यात दिसत नाही. गोठ्यातल्या प्रश्नाला एमएलएसटी एकटे वापरणे मला खर्चाच्या मानाने पटत नाही.

पीएफजीई (डीएनएचे मोठे तुकडे जेलमध्ये वेगळे करणे) अजून काही ठिकाणी चालते. आगरोजच्या ठोकळ्यात पेशी फोडून डीएनए एसएमए-१ या एन्झाइमने कापतात, २५ अंशांना. ३७ अंशांवर ठेवले की कापणी अर्धवट होते आणि वर अंधुक पट्ट्या दिसतात. एसटी३९८ या वंशाचा डीएनए एसएमए-१ कापूच शकत नाही, कारण त्याच्या कापायच्या जागा मिथाइल झालेल्या असतात. तिथे सीएफआर९-१ वापरावे लागते. कामाला तीन-चार दिवस लागतात आणि दोन लॅबचे जेल शेजारी ठेवून तुलना करणे अवघड.

आरएपीडी (डीएनएवर कुठेही बसणाऱ्या प्राइमरची पीसीआर) कुणी स्वस्तात करून देतो म्हणाले तरी नको. मॅग्नेशियमचे प्रमाण थोडे बदलले, डीएनए थोडा जास्त झाला, मशीन बदलले की पट्ट्या बदलतात. मग फरक स्ट्रेनचा की पीसीआरचा, हे ठरवता येत नाही.

सिक्वेन्सवाला

प्लाझ्मिड यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण स्पाबद्दल थोडा वेगळा सूर. १४ आयसोलेट आणि शिवाय स्वॅबमधले पाच-सहा असतील तर स्पा, एमएलएसटी, एमईसीए (मेथिसिलिन या औषधाला दाद न देण्याचे जनुक), विषाची जनुके असे एकेक करत बसण्यापेक्षा पूर्ण जिनोम वाचणे सरळ पडते. सगळे एकाच वाचनातून निघते.

ऑरियसचा जिनोम साधारण २८ लाख जोड्यांचा. ५० पट खोली (प्रत्येक जागा सरासरी ५० वेळा वाचणे) धरली तर एका आयसोलेटला १४ कोटी जोड्यांचे वाचन पुरते. १५० जोड्यांचे दुतर्फा इल्युमिना वाचन घ्या. डेटा आल्यावर हा क्रम (नावे संगणक प्रोग्रामांची) : दर्जा बघणे आणि फास्टपीने टोके छाटणे; क्रॅकेनने भेसळ तपासणे; स्पेड्स किंवा शोव्हिलने जुळवणी. जुळवणीची एकूण लांबी २७ ते २९ लाखांच्या बाहेर गेली तर थांबा. ३५ लाख आली म्हणजे कल्चरमध्ये दुसरा जंतू आहे, आणि हे दर वेळी तपासायची शिस्त नसेल तर चुकीचे झाड (जंतूंचा वंशवृक्ष) छान रंगीत छापले जाते. पुढे स्निपीने समान भागातले एसएनपी (एका अक्षराचे फरक), गबिन्सने पुनर्संयोजनाचे पट्टे वगळणे, मग आयक्यू-ट्रीने झाड.

संदर्भ जिनोम जवळच्या वंशाचा घ्या. सीसी९७ च्या आयसोलेटना दूरच्या मानवी वंशावर बसवले की समान भाग आक्रसतो आणि एसएनपी कमी मोजले जातात. नॅनोपोर आणि इल्युमिना या दोन वाचन-पद्धतींचे आयसोलेट एकाच झाडात मिसळू नका. काही मिथाइल झालेल्या जागांवर नॅनोपोर ठरावीक चूक करते आणि ती खऱ्या फरकासारखी दिसते.

मुळशीकर

किती एसएनपींपर्यंत ‘एकच स्ट्रेन’ म्हणायचे? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

सिक्वेन्सवाला

एक पक्का आकडा नाही, आणि असा आकडा डोक्यात ठेवून निकाल वाचूच नये. माणसांतल्या ऑरियसच्या वंशांवर बदलाचा वेग वर्षाला एका जिनोममागे एक आकडी एसएनपी असा निघाला आहे. जुन्या सडात तीन-चार वर्षे राहिलेला जंतू स्वतःपासूनच दहा-वीस एसएनपी दूर जाऊ शकतो. म्हणून एकाच सडातल्या चार-पाच कॉलनी वाचा (पेट्रीडिश यांनी त्या उचलायला सांगितल्याच आहेत). एका सडाच्या आत किती फरक आहे ते आधी कळले की दोन गायींमधला फरक त्याच्याशी ताडता येतो. हा गोठ्याचा स्वतःचा मापदंड, बाहेरून आणलेल्या आकड्यापेक्षा भरवशाचा.

झाडावरून जवळीक कळते, दिशा कळत नाही. ‘अमक्या गाईने तमकीला दिला’ असे त्यावरून लिहू नये. त्यासाठी व्यायल्याच्या तारखा, धारेचा क्रम, खरेदीची नोंद लागते.

प्लाझ्मिड

वाचनाचा भाग पुरेसा आला, आता अर्थ लावताना दिसणारी सगळ्यात मोठी चूक. ‘प्रकार वेगळे’ हा पुरावा भक्कम असतो : दोन गायींचे स्ट्रेन स्पष्ट वेगळे असतील तर एकीने दुसरीला दिले नाही. ‘प्रकार सारखे’ हा पुरावा तितका भक्कम नाही. सीसी९७ सारखा वंश जगभर गायींत पसरलेला आहे. दौंडच्या आणि मंचरच्या गोठ्यात दोन्हीकडे टी२६७ निघाला म्हणून त्यांचा संबंध जोडता येत नाही. त्या भागात तो प्रकार किती सर्रास आहे ते माहीत असेल तरच सारखेपणाला वजन येते.

पद्धत किती बारीक भेद करते हे सिम्प्सन निर्देशांकाने मोजतात, १९८८ मध्ये हंटर आणि गॅस्टन यांनी तो जंतूंच्या टायपिंगला लावला. डी = १ − [Σ न(न−१)] ÷ [एकूण(एकूण−१)]. समजा २० आयसोलेट, पाच प्रकार, संख्या १२, ४, २, १, १. वरचा भाग १३२ + १२ + २ = १४६, खालचा २० × १९ = ३८०. डी = ०.६२. एखाद्याला वाटेल पद्धत वाईट. पण हे २० एकाच गोठ्यातले असतील तर डी कमी येणारच, कारण खरोखरच एक स्ट्रेन फिरतोय! डी काढायचा तो एकमेकांशी संबंध नसलेल्या गोठ्यांतल्या आयसोलेटवर. तिथे ०.९५ च्या पुढे असेल तर पद्धत चांगली. एकाच उद्रेकावर डी काढून पद्धतीला नावे ठेवलेली अहवालांत सर्रास दिसतात.

सडपरीक्षक

आता मुळशीकरांच्या गोठ्यावर येऊ. समजा १४ पैकी १० गायींत एकच टी२६७, दोन गायींत दुसरा एक सारखा प्रकार, उरलेल्या दोघींत एकेक वेगळा.

आधी त्या दोघींतला सारखा प्रकार बघा. त्यात ‘एससीएन’ जनुक आहे का तपासा. ते माणसाच्या प्रतिकारशक्तीला चुकवणाऱ्या जनुकांच्या गटातले आहे, फेजवर (जंतूंत शिरणाऱ्या विषाणूवर) बसलेले असते, माणसांतल्या बहुतेक ऑरियसमध्ये सापडते आणि गायींच्या जुन्या वंशांत सहसा नसते. एससीएन पॉझिटिव्ह आला आणि धार काढणाऱ्याच्या हातावरही तोच प्रकार निघाला तर माणसाकडून गाईकडे गेल्याची शक्यता जोरदार आहे. इथे कुणाला दोषी धरायचे नाही. हातमोजे आणि हातावरच्या जखमेची पट्टी एवढाच बदल करायचा.

दहा गायींचा टी२६७ म्हणजे बहुधा धारेची साखळी. क्रम बदला : आधी पहिल्या वेताच्या, मग निरोगी, मग सीएमटीतल्या, शेवटी या दहा. मुक्त गोठ्यात क्रम पाळणे जड जाते, म्हणून गळ्यात किंवा पायात रंगीत पट्टा बांधा आणि या दहा वेगळ्या कप्प्यात ठेवा. धार झाल्या झाल्या ०.५ टक्के आयोडीनमध्ये सड बुडवा, फवारू नका. फवाऱ्यात सडाची पलीकडची बाजू कोरडी राहते. कपातले उरलेले औषध परत बाटलीत ओतायचे नाही. एका गाईला एक कापड, चार गायींना एक नाही.

लायनर. रबरी लायनर २५०० धारांनंतर बदलायचे. साधारण ५० गायी, दिवसाला दोन वेळा, चार क्लस्टर : प्रत्येक क्लस्टरवर दिवसाला २५ धारा, म्हणजे १०० दिवस. ‘अजून फाटले नाहीत’ हा निकष नव्हे. आतला पृष्ठभाग बोटाने चाचपून बघा, बारीक भेगा लागतात. ब्रशने त्या साफ होत नाहीत आणि जंतू तिथेच राहतात. लायनरच्या स्वॅबमध्ये टी२६७ निघाला तर मालकाला लायनर बदलायला पटवणे सोपे जाते, टायपिंगचा हा फायदा छोटा नाही.

हाताने धार काढत असतील तर अंगठा मुडपून काढणे आणि दुधाचा हात लावणे, दोन्ही बंद. पहिल्याने सडाचे टोक दुखावते, दुसऱ्याने एका गाईचे दूध दुसरीच्या सडावर चोपडले जाते.

त्या दहांपैकी दोन-तीन वेळा औषध करूनही न सुधारलेल्या, कास कडक झालेल्या गायींवर पुन्हा पुन्हा ट्यूब घालण्यात अर्थ नाही. आटवताना चारही सडांत औषध, आणि तरी पुढच्या वेतात तोच प्रकार निघाला तर तो सड कायमचा बंद करणे किंवा गाय कळपातून वेगळी करणे. आटवण्याआधीचा आणि व्यायल्यानंतरचा स्ट्रेन एकच आहे का, हे टायपिंगशिवाय कळत नाही. एकच असेल तर औषध बहुधा फसले. वेगळा असेल तर औषधाने काम केले होते आणि गाय नव्याने लागली. दोन्हींत नुसते कल्चर ‘ऑरियस पॉझिटिव्ह’ एवढेच म्हणेल.

उरलेल्या दोन वेगळ्या प्रकारांमागे एवढ्यात धावू नका.

नीराकाठ

ई. कोलायच्या दगडीत हे सगळे करून काही हाती लागेल?

सडपरीक्षक

सहसा नाही. ई. कोलाय शेण आणि ओल्या जागेतून येतो, दहा गायींत दहा प्रकार निघतात आणि ते अपेक्षितच आहे. पैसे बसायची जागा कोरडी करण्यात घाला. अपवाद एकच : त्याच सडात महिनोन्‌महिने परत परत येत असेल तर. तोच स्ट्रेन टिकून आहे की नवा लागतोय ते बघायला टायपिंग करा. स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिये मात्र उलट. तो कासेतच राहतो, बहुतेक कळपात एकच स्ट्रेन असतो. कळप साफ केल्यावर काही महिन्यांनी परत दिसला आणि स्ट्रेन वेगळा निघाला तर विकत आणलेल्या गाईकडे बघा.

पेट्रीडिश

औषधांबाबत एक भर. एमईसीए पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा ऑरियस) नाही असे लिहू नका. एमईसीसी हे वेगळे रूप २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातला पहिला स्ट्रेन इंग्लंडमधल्या बल्क दुधातलाच होता, आणि जुने एमईसीए प्राइमर ते पकडत नाहीत. सेफॉक्सिटिनची चकती सोबत लावा, ती दोन्ही पकडते.

मांजरीकर

दगडीच्या पलीकडे थोडे. कोणत्या रोगात टायपिंग काय सांगते हे आधी माहीत नसेल तर खर्च वाया जातो.

घटसर्पाचा पाश्चुरेला मल्टोसिडा, आशियातला प्रकार बी:२. त्याचे आयसोलेट एमएलएसटीत जवळजवळ सगळे एसटी१२२ येतात. त्यामुळे एमएलएसटीने दोन उद्रेकांचा संबंध ठरत नाही, पूर्ण जिनोमच लागतो. निदानाला केएमटी१ पीसीआर (४६० जोड्या) आणि कॅप्सूल बीची पीसीआर (७६० जोड्या) पुरतात. जनावर मरून बराच वेळ झाला असेल तर हृदयातले रक्त सोडा, नळीचे लांब हाड न फोडता पाठवा. हाडातल्या मज्जेत जंतू जास्त वेळ शाबूत राहतो.

जोन्स रोगाचा (जुनाट हगवणीचा) जंतू कल्चरमध्ये ८ ते १६ आठवडे घेतो आणि माध्यमात मायकोबॅक्टिन घालावे लागते. आयएस९०० पीसीआर नेहमीची, पण त्यासारखे तुकडे दुसऱ्या मायकोबॅक्टेरियांतही असतात, म्हणून एफ५७ ने खात्री करा. मग आयएस१३११ चा ६०८ जोड्यांचा तुकडा वाढवून एचआयएनएफ-१ आणि एमएसई-१ ने कापा. ६७, २१८, २८५, ३२३ असे चार तुकडे आले तर गोवंश प्रकार. २८५ आणि ३२३ असे दोनच तर मेंढी प्रकार. ६७, २१८, ३२३ असे तीन तर बायसन प्रकार. भारतात ‘इंडियन बायसन’ प्रकार बराच आढळतो. ६७ चा तुकडा साध्या जेलमध्ये पळून जातो. ४ टक्के आगरोज घ्या आणि लवकर थांबवा.

क्षयाच्या बाबतीत मायकोबॅक्टेरियम बोव्हिस ओळखायला स्पॉलिगोटायपिंग (स्पेसर हे ठरावीक डीएनए तुकडे आहेत की नाहीत ते बघणे) : ४३ स्पेसरपैकी ३, ९, १६ आणि ३९ ते ४३ नसतात. आपल्याकडच्या गायींत मायकोबॅक्टेरियम ऑरिगिसही सापडलेला आहे, तेव्हा नुसते ‘क्षयगटातला जंतू’ यावर थांबू नका. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्याने कत्तलखान्यातल्या गाठी मिळत नाहीत, मेलेल्या जनावराच्या शवविच्छेदनातूनच नमुना येतो. त्यामुळे आयसोलेट मुळातच कमी आणि निवडक, हे अर्थ लावताना लक्षात असू द्या. बोव्हिसचा जिनोम फार हळू बदलतो, काही वर्षांत एखादा एसएनपी. शेजारच्या दोन गोठ्यांतले स्ट्रेन तंतोतंत सारखे आले तरी संसर्ग कधीचा ते त्यावरून सांगता येत नाही.

मुळशीकर

ब्रुसेलाबद्दल विचारायचेच होते. गर्भपात झालेल्या गाईत लसीचा जंतू की गोठ्यातला, हे कळते का?

मांजरीकर

कळते. ब्रूस-लॅडर ही मल्टिप्लेक्स पीसीआर (एकाच नळीत अनेक तुकडे वाढवणारी) त्यासाठी वापरतात. एस१९ लसीच्या स्ट्रेनमध्ये ५८७ जोड्यांची पट्टी येत नाही, गोठ्यातल्या ब्रुसेला अबॉर्टसमध्ये येते. म्हणून तुलनेसाठी ओळखीचे दोन्ही स्ट्रेन सोबत चालवा. पट्टी ‘नसणे’ हा निकाल आहे, आणि पीसीआर अर्धवट फसली तरी पट्टी नसते. एस१९ ही ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना देतात, २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही तेच वय आहे. मोठ्या गाभण गाईला ती चुकून टोचली तर गर्भपात होऊ शकतो आणि रक्तचाचणीही बराच काळ पॉझिटिव्ह राहते, म्हणून हा फरक करावाच लागतो. गोठ्यांमधला संबंध बघायला एमएलव्हीए-१६ (१६ जागांवर तोच तुकडा किती वेळा येतो ते मोजणे) किंवा पूर्ण जिनोम.

ब्रुसेलाचे कल्चर साध्या लॅबमध्ये करू नका, जिवंत जंतू वाढवायला बीएसएल-३ (कडक जैवसुरक्षेची) सुविधा लागते. मेलेले वासरू, जार, योनीतला स्राव हाताळताना दोन जोड हातमोजे, मास्क, डोळ्यांना चष्मा. नमुना म्हणून वासराच्या पोटातले पाणी सिरिंजने काढून घट्ट झाकणाच्या नळीत पाठवा, बाकी सगळे चुना टाकून खोल पुरा. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असेल, म्हणजे अचानक मृत्यू आणि नैसर्गिक छिद्रांतून न गोठलेले रक्त, तर जनावर उघडायचेच नाही.

मुळशीकर

पुण्यात नमुना कुठे आणि कसा पाठवावा, एवढे कुणी लिहिले तर धागा पुरा होईल.

पेट्रीडिश

सुरुवात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून करा, त्यांचे पत्र सोबत असले की नोंद नीट होते. औंधला पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे, पश्चिम विभागाची संदर्भ प्रयोगशाळाही तीच. सातारा रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोन करून विचारा : दूध घेणार की आयसोलेट, कोणत्या वारी, टायपिंग होते की फक्त ओळख. सिक्वेन्सिंग बाहेरच्या सेवेकडून करायचे असेल तर शुद्ध केलेला डीएनए पाठवा, जिवंत कल्चर नाही.

नळीवर पाण्याने न पुसणाऱ्या पेनने गाईचा कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, सड (पुढचा डावा, पुढचा उजवा असे पूर्ण), तारीख. ‘गाय ५, सड २’ लिहू नका. दोन महिन्यांनी गाय ५ कोणती ते कुणालाच आठवत नाही. सोबतच्या कागदावर वेत, व्यायल्याची तारीख, आधी दिलेली औषधे, गाय घरची की विकतची, धारेतला क्रमांक. नळ्या झिप पिशवीत, पिशवी शोषक कागदासह कडक डब्यात, डबा बर्फाच्या थैल्यांसह थर्माकोलच्या पेटीत. सुटा बर्फ नको, वितळलेले पाणी झाकणातून आत शिरते. एप्रिल-मेमध्ये सोलापूर रस्त्याने दुपारची एसटी टाळा, पहाटेच्या धारेचे नमुने सकाळीच निघाले पाहिजेत. शुक्रवारी पाठवू नका, शनिवार-रविवार पेटी तशीच पडून राहू शकते.